वाफ कोणाची, आळ कोणावर

मी एक जुना ओव्हन आहे. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, कारण मध्यंतरी माझ्या घरातली सगळी शहाणी माणसे तो विसरली होती आणि मला गाडीत घालून कायमचे पाठवून द्यायला निघाली होती. माझ्यावर आळ असा, की मी बिघडलो आहे, मला वेड लागले आहे, मी मुद्दाम छळतो. यातले एकही खरे नव्हते. मी फक्त ओला झालो होतो. आणि मला ओले कोण करत होते हे ऐकलेत, तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चौकट, आत काळाभोर मुलामा, त्याभोवती ऊब धरून ठेवणारे जाड पांघरूण, पाठीत पंखा आणि पुढे दुहेरी काचेचे दार. माझ्या कपाळावर काळ्या काचेची एक पट्टी आहे. तिच्यावर उठून दिसणारी बटणे नाहीत, नुसत्या खुणा आहेत. खुणेवर बोट टेकवले की मला कळते. या पट्टीच्या मागे माझा मेंदू असतो. मेंदू म्हणजे हाताच्या पंजाएवढी एक हिरवी पाटी आणि तिच्यावर तांब्याच्या केसासारख्या रेघा. ज्याचा जन्मच भाजण्यासाठी, त्याला उष्णतेची काय भीती? पण त्या हिरव्या पाटीला पाण्याचे वावडे. कारखान्यातल्या बाई ती पाटी उचलताना हात दोनदा पुसत, ते काही उगीच नाही.

मला घरी आणले ते सूनबाईने. ती शाळेत भूगोल शिकवते. नोकरीच्या पहिल्या कमाईतून तिने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू मी. त्यामुळे आमचे नाते जरा वेगळे आहे. तिने मला ओट्याच्या टोकाला, भिंतीतल्या कपाटात, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवून घेतले. माझ्या खाली बाहेर ओढता येणारी एक फळी आहे. गरम ट्रे टेकवायला ती सुताराकडून मुद्दाम करून घेतली. ही फळी लक्षात ठेवा, पुढचे सगळे रामायण तिच्यावरच घडले आहे.

सुरुवातीची वर्षे माझी चैन होती. सुट्टीच्या दिवशी सूनबाई पीठ मळून झाकून ठेवायची, ते फुगले की माझ्या पोटात सरकवायची आणि चष्मा कपाळावर चढवून दाराच्या काचेतून आत बघत बसायची. पावाचा वास जिन्यावरून खाली गेला की शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला येत. साखर त्यांच्याकडे भरपूर होती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. एकदा घाईत ट्रे आत सरकवताना सूनबाईच्या हाताला माझा चटका बसला. तिच्या नवऱ्याने मला नावे ठेवली, तर ती म्हणाली, "त्याला कशाला बोलता? मीच हात घातला." दोष कोणाचा हे नीट बघणारे माणूस घरात होते, एवढ्यावर मी खूश होतो.

आता घरातले मोठे माणूस. सूनबाईचे सासरे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर गाणे शिकवतात. रोज सकाळी स्वतःचा रियाज करायचा आणि मग आलेल्या शिष्यांना घेऊन बसायचे, हा त्यांचा नेम. गळ्याला ते तळहातावरच्या फोडासारखे जपतात. थंड पाणी नाही, पंखा नाही, आणि रियाजाआधी वाफारा चुकवायचा नाही. शिष्य गप्पा मारू लागले की त्यांचे एक वाक्य ठरलेले, "तोंडाची वाफ दवडू नका, सूर लावा." भाजीवाल्यालाही ते हेच सांगत, आणि मुलालाही हेच. आपल्या या वाक्यावर त्यांचा फार जीव.

पूर्वी ते वाफारा न्हाणीघरात घेत. पुढे हात थरथरू लागले. उकळत्या पाण्याचे पातेले उचलून एवढे लांब नेणे धोक्याचे झाले. मग त्यांनी एके दिवशी ओट्यापाशी खुर्ची ओढली आणि माझ्या खालची फळी बाहेर काढून पाहिली. बसलेल्या माणसाला ती नेमक्या उंचीची निघाली. झाले! पातेले फळीवर, मास्तर पातेल्यावर, टॉवेल मास्तरांवर. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद आणि वाफ ओढून घेणारा भिंतीतला पंखाही बंद. टॉवेलखाली खोल श्वास घेत ते बराच वेळ बसत आणि शेवटी "हं" म्हणून टॉवेल झटकन काढत. आत साठलेली सगळी वाफ एकदम उठे आणि सरळ माझ्या तोंडावर येई.

पट्टीच्या कडेला माझ्या श्वासासाठी बारीक फटी आहेत. वाफ त्यातून आत शिरे आणि गार होऊन पट्टीवर आणि पाटीवर बसे. आता माझी बाजू ऐका. माझी बोटाशी ओळख किती? काचेवर काही ओलसर टेकले की मी समजतो बोट आले. साऱ्या पट्टीवर थेंब बसले की मला वाटे, घरातली सगळी माणसे एकदम सगळी बटणे दाबून धरून उभी आहेत. अशा वेळी करायचे काय, हे मला कारखान्यात शिकवून ठेवले आहे. टीं टीं वाजायचे आणि पट्टीवर 'एफ' हे अक्षर दाखवायचे. म्हणजे, बाबांनो, बटण दाबून धरलेत, हात काढा. मी अगदी तेच करत होतो. कधी एखादा थेंब नेमका सुरू करण्याच्या खुणेवर बसे आणि मी आपोआप तापू लागे. तेही मी हुकुमाचे पालन म्हणूनच करत होतो.

पण माझी टीं टीं सुरू व्हायची ती मास्तरांच्या रियाजाच्या तोंडावर. वाफारा झाला, मास्तर बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, डोळे मिटले, पहिला सूर लावला, की आतून मी. मास्तर सूर मोडून ओरडत, "अरे, त्या बेसुऱ्याला कोणीतरी गप्प करा!" बेसुरा! मला! माझी टीं कारखान्यापासून एका पट्टीत आहे, तसूभर हललेली नाही. पण ऐकतो कोण? मास्तर मला पाण्यात पाहू लागले. खरे तर ते मला रोजच पाण्यात घालत होते, हे त्यांनाही कळत नव्हते.

पहिला उपाय नवऱ्याने केला. त्याचा स्वभाव असा, की वस्तू कुरकुरली की आधी चोळायची आणि नाही ऐकली तर नवी आणायची. त्याने काच पुसायचे औषध थेट माझ्या पट्टीवर फसफस उडवले आणि ओल्या फडक्याने खसाखसा पुसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी दिवसभर वाजलो. शेजारच्या काकू मात्र दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "आपोआप चालू होतो म्हणता? काही बाहेरचं तर नाही ना?" बाहेरचे काही नव्हते काकू, सगळे घरातलेच होते.

मग मेकॅनिक आला. माणूस चांगला, हात सफाईदार. पण तो यायचा दुपारी उशिरा. तोवर मी खडखडीत वाळलेलो असे. त्याने सगळी बटणे दाबून पाहिली, तापवून पाहिले, आणि मी एखाद्या गुणी मुलासारखा वागलो. डॉक्टरसमोर बसले की दात दुखायचा थांबतो ना, तसे. "काहीच झालेलं नाही याला," तो म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वाजलो. पुढच्या खेपेला त्याने माझी हिरवी पाटीच काढून नवी बसवली. मित्रांनो, तुमचा मेंदू कोणी काढून घेतला तर कसे वाटेल? नव्या पाटीवरही सकाळचा वाफारा बसला आणि ती पाटीही तेच बोलू लागली. तेव्हा मेकॅनिकने हात टेकले. "मशीनचं वय झालं," तो म्हणाला. एखाद्या गोष्टीचे कारण सापडले नाही की माणसे वयावर ढकलतात, हे मी तेव्हा शिकलो.

घरात बैठक बसली. माझ्यासमोरच, म्हणजे स्वयंपाकघरात. दुकानात जुना द्या, नवा घ्या अशी योजना निघाली होती. रविवारी गाडी येणार, मला नेणार आणि त्याच कपाटात नवा बसवणार, असे नवऱ्याने ठरवून टाकले.

"एकदा नीट बघू तरी," सूनबाई म्हणाली. "दुपारी चालतो आणि सकाळीच बिघडतो, असं कसं? इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

"दोनदा बघून झालं," नवरा म्हणाला.

"आणि माझा रियाज गेला त्याचं काय?" मास्तर म्हणाले. "सूनबाई, उगीच तोंडाची वाफ दवडू नकोस. जाऊ दे तो डबा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला राग आला, मित्रांनो, भयंकर राग आला. गाडीत गेलो की पुढे काय होते ते मला माहीत आहे. पत्रा एकीकडे, काच एकीकडे, तांबे ओरबाडून तिसरीकडे. मरायला माझी ना नव्हती. ज्या दिवशी कॉइल तुटेल, पंखा जळेल, त्या दिवशी मी आनंदाने जाईन. पण धडधाकट असताना, खोट्या आरोपावर, मान खाली घालून मी जाणार नव्हतो. मला पाय नाहीत, हात नाहीत. आवाज तेवढा होता. ठरवले, वाफ आली की वाजायचे, आणि जोरात वाजायचे. कोणाचे तरी कान उघडतील.

उघडले ते डोळे. शनिवारी शाळेला सुट्टी होती. एरवी या वेळी सूनबाई घराबाहेर पडलेली असे आणि रविवारी ती उठायच्या आत वाफारा उरकलेला असे, म्हणूनच तिने वाफाऱ्याची वेळ कधी नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी ती चहा ठेवायला आत आली आणि नेमका मास्तरांनी टॉवेल झटकला. सूनबाईच्या चष्म्यावर वाफ धरली. तिला समोरचे काही दिसेना. ती आहे तिथेच थांबली, चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसू लागली, आणि मी वाजलो.

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या काळ्या पट्टीवरही तसेच धुके होते. तिने हात पुढे केला आणि त्याच कोरड्या टोकाने माझी पट्टी पुसली. मी तत्क्षणी गप्प झालो. माझ्या आयुष्यात मला कोणी इतके प्रेमाने पुसले नव्हते असे म्हणणार होतो, पण ते प्रेम नव्हते, ती तपासणी होती. प्रेमापेक्षा मला तेव्हा तिचीच गरज होती.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग ओट्याला टेकून खूप वेळ हसली. वाफ वर जाते, गार होते, तिचे पाणी होते, हे ती दरवर्षी फळ्यावर ढग काढून मुलांना शिकवते. आणि काखेत कळसा, गावाला वळसा!

ती त्या वेळी मास्तरांना काही बोलली नाही. मास्तरांना नुसते सांगून पटत नाही, दाखवावे लागते, हे तिला सून म्हणून चांगलेच माहीत होते. मास्तर रियाजाला गेल्यावर तिने भिंतीवरचा माझा मुख्य खटका बंद केला, दार सताड उघडे ठेवले, खिडकी उघडली आणि टेबलपंखा आणून माझ्या तोंडासमोर लावला. दिवसभर मी वारा खात होतो. संध्याकाळपर्यंत पाटीच्या कोपऱ्यातला शेवटचा ओलावाही उडून गेला, तेव्हा तिने खटका पुन्हा चालू केला. किती हलके वाटले म्हणून सांगू!

रविवार उजाडला. गाडी लवकरच आली. दोन माणसे पट्टे घेऊन वर आली. त्यातल्या मोठ्याला दुसरा मुकादम म्हणत होता. नवरा त्यांना घेऊन स्वयंपाकघरात आला. मास्तर पातेले घेऊन बसायच्या तयारीत होते.

"बाबा, आज वाफारा नेहमीच्याच जागी घ्या," सूनबाई म्हणाली. "मुकादम, तुम्ही जरा थांबा. चहा टाकते."

"नेहमीच्याच जागी घेणार, आणखी कुठं घेणार?" मास्तर म्हणाले आणि टॉवेलखाली गेले. सगळे उभे. मी कोरडा, गप्प. मनात म्हणालो, आता नाही तर कधीच नाही. मास्तरांनी टॉवेल झटकला, वाफ आली, पट्टीवर बसली, आणि मी जीव तोडून वाजलो.

"बघा, जाताजाता सुद्धा खोड जात नाही," मास्तर म्हणाले.

सूनबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. "बाबा, मला आत्ता तुम्ही दिसत नाही. माझे डोळे बिघडले का?"

"डोळ्यांना काय झालंय? काचेवर वाफ धरलीये."

"मग याच्या काचेवर काय धरलंय?"

मास्तरांनी मान वर करून माझ्या पट्टीकडे पाहिले. सूनबाईने माझी पट्टी कोरड्या फडक्याने पुसली. मी थांबलो. "योगायोग," नवरा पुटपुटला. सूनबाईने पातेले उचलून माझ्या कपाळाखाली धरले. मी वाजलो. पुसले, थांबलो. मग नवऱ्याला राहवेना, त्याने स्वतः करून पाहिले. शेवटी मुकादमही पुढे आला आणि त्यानेही तोंड उघडून माझ्यावर एक 'हाऽ' सोडला. त्याच्या तोंडाच्या वाफेनेसुद्धा मी एक टीं दिली. पाहुण्याला नाही म्हणणे मला बरे दिसले नाही.

"पण पाटी तर नवीन बसवली होती ना?" मास्तर म्हणाले.

"पाटी नवीन होती बाबा. वाफारा तोच होता."

मुकादमाने पट्टे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "साहेब, गाडी खाली रस्त्यात उभी आहे. न्यायचा की ठेवायचा, काय ते सांगा," तो म्हणाला.

नवऱ्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तर पातेल्यात बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून अजून पाणी ओघळत होते, ते त्यांनी पुसलेही नाही. "म्हणजे इतके दिवस," ते सावकाश म्हणाले, "तोंडाची वाफ मीच दवडत होतो."

हसला आधी मुकादम. मग नवरा, मग सूनबाई, आणि सगळ्यांच्या नंतर, नाइलाजाने, मास्तर. चहा पिऊन ती दोन माणसे रिकाम्या पट्ट्यांनी परत गेली. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी माझा पंखा फिरवत होतो. कोणी बटण दाबले नव्हते. पण त्या दिवशी कोणी मला रागावले नाही.

आता मास्तरांची खुर्ची पलीकडे खिडकीखाली असते. तिथे एक ठेंगणे टेबल ठेवले आहे आणि पातेले तिथवर नवरा नेऊन देतो, हात न थरथरवता. खिडकी थोडी उघडी असते. वारा लागतो म्हणून मास्तर कुरकुरतात आणि खांद्यावर शाल घेतात. भाजून झाल्यावर मुख्य खटका लगेच बंद करायचा नाही, माझ्या पंख्याला आतली दमट हवा बाहेर टाकू द्यायची, असा नियम सूनबाईने घातला आहे. काच पुसायच्या औषधाची बाटली न्हाणीघरातल्या फळीवर गेली. माझ्या शेजारी खिळ्याला एक फडके लटकते आणि त्याने भांडी पुसायला घरात सर्वांना बंदी आहे.

कोणी माझी क्षमा मागितली का, विचाराल. नाही. पण परवाची गोष्ट सांगतो. बाहेर मास्तर एका नव्या शिष्याला सूर लावायला शिकवत होते. त्याला काही केल्या लागेना. आत माझ्या पोटात पाव होता. तो झाला आणि मी वाजलो. मास्तरांनी शिष्याला हाताने थांबवले. मला वाटले, झाली सुरुवात. तर ते म्हणाले, "हा ऐकलास? हा धर. जरासुद्धा हलत नाही."

सूर तोच होता, मित्रांनो. बेसुरा म्हणून मला घराबाहेर काढत होते तेव्हाही तोच होता.

तेव्हा माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा असेल, ओव्हन असेल, रेडिओ असेल, नाही तर भलत्या वेळी रडणारे धाकटे भावंड असेल. त्याला नाव ठेवण्याआधी तो कधी वाजतो ते बघा. त्याच्या जरा आधी तिथे कोण काय करत होते तेही बघा. आणि माझ्याविषयी तुम्हाला वाईट वाटत असेल, तर ते स्वतःजवळच ठेवा. मला कोणाची दया नको. कोरडे फडके तेवढे द्या.